मूळ न पाहता दिलेले सात सल्ले: जळगावच्या एका वाटणीच्या भाजीमळ्याचं प्रकरण

जळगाव शहर संपून गिरणेकडे रस्ता वळतो त्या बाजूला वीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे. मालकांना सगळे जिभाऊ म्हणतात. वय झालं, मुलं पुण्याला. कपाशी लावायची तर वेचायला मजूर नाहीत आणि जमीन विकायला मन होत नाही. म्हणून त्यांनी दीड-दीड गुंठ्याचे बारा वाटे पाडले आणि आसपासच्या कॉलन्यांमधल्या लोकांना भाजीपाल्यासाठी वर्षाच्या बोलीवर दिले. उरलेल्या दोन गुंठ्यांत बोअर, पायवाट आणि एक कडुनिंब. बोअरचं वीजबिल बाराजणांत वाटलं जातं. एका चौकोनी कुटुंबाला दीड गुंठा पुरून उरतो; पावसाळ्यात तर गिलके आणि गवार शेजारीपाजारी फुकट वाटावी लागते.

जमीन बहुतेक काळी, भारी. उतार बोअरपासून नाल्याकडे. पाणी पाटाने दिलं जातं. ज्या गावाने अख्ख्या देशाला ठिबक शिकवलं त्या गावात आम्ही अजून दांड (पाण्याच्या मातीच्या चाऱ्या) फोडतो, याचं हसू येतं, पण वर्षाच्या बोलीच्या जमिनीवर नळ्यांचा खर्च कोण करणार? हा पाटपाण्याचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो. दुसरी नोंद अशी की, वाटे पडण्याआधी या जमिनीत पाच-सहा वर्षं केळी होती आणि शेवटी पपई.

वाट्यांना नंबर आहेत. एक नंबर बोअरजवळ, बारा नंबर नाल्याकाठी. माझा दहावा. मी कृषी पदविका घेऊन आयुष्यभर बियाण्यांच्या व्यवसायात काढलेला माणूस, त्यामुळे काही बिघडलं की लोक मला विचारतात, पण आधी एकमेकांना विचारून झाल्यावर.

काय घडलं

गेल्या खरिपात जवळपास प्रत्येकाने भरताची वांगी लावली होती. इथे ते सांगायला नको. हिरवट पांढरं, मोठं, पातळ सालीचं, कमी बियांचं वांगं. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव तर या वांग्यासाठी वऱ्हाडापर्यंत पोचलेलं आहे. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी यासाठीच अर्ध्या लोकांनी वाटे घेतले होते, असं म्हटलं तरी चालेल.

रोपं आषाढात लागली. श्रावणापर्यंत सगळं हिरवंगार. भाद्रपदात दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वाट्यातली झाडं मागे पडायला लागली. गणपती उठले तेव्हा शेजारच्या वाट्यात गुडघ्याच्या वर झाड आणि तिसऱ्यात वितीच्या वर नाही. पानं फिकट, सगळ्या झाडावर सारखी फिकट. आणि मुख्य लक्षण म्हणजे दुपारी बारा-एकला झाड मान टाकायचं, संध्याकाळी परत उभं राहायचं. जमिनीत ओल असताना.

तिसरा वाटा एका शाळेतल्या सरांचा. त्यांनी पहिल्यांदाच शेती केली होती आणि वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे या प्रकरणाचा निम्मा पुरावा त्यांच्या वहीतून आला. नवख्या माणसाची ही एक चांगली गोष्ट असते. जुन्या माणसाला सगळं आठवत असतं, म्हणून तो काही लिहीत नाही.

सात सल्ले

रेल्वेतून निवृत्त झालेले नाना म्हणाले, पाणी कमी पडतंय. दुपारी मान टाकली म्हणजे दुसरं काय? सरांनी तीन दिवसांआड पाणी सुरू केलं.

एक नंबरवाले म्हणाले, युरिया टाका, पिवळं पडलंय. टाकला. आठ दिवस पानांवर तजेला आला आणि गेला.

कृषी सेवा केंद्रातून आलेला सल्ला होता मर रोगाचा: कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी, त्यानंतर ट्रायकोडर्मा. आळवणीनंतर लगेच ट्रायकोडर्मा घालणं म्हणजे एका हाताने बुरशी मारायची आणि दुसऱ्या हाताने बुरशीच पेरायची. मित्रबुरशी झाली तरी ती बुरशीच. मधे दिवस जाऊ द्यावे लागतात. ते कोणी सांगितलं नव्हतं.

पाच नंबरच्या वहिनींना शेंडे अळी वाटत होती. त्यांनी स्वतःच्या वाट्यात कामगंध सापळे लावले होते आणि त्यात पतंग सापडतही होते, म्हणून त्यांची खात्री पटलेली. अळी होतीच. पण अळीने फक्त शेंडा झुकतो, देठात भोक आणि विष्ठा दिसते. सगळं झाड दुपारी लोळत नाही.

जिभाऊंचं मत बोअरच्या पाण्यावर. "पाणी जड झालंय, चुन्याचं आहे." हेही खोटं नव्हतं. भांड्यावर पांढरा थर बसतो ते सगळ्यांनी पाहिलंय. पण चुनखडीने लोह मिळेनासं झालं तर आधी कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे तसं नव्हतं, आणि तेच पाणी पिणारा पहिला वाटा ठणठणीत होता.

सहावा सल्लाही जिभाऊंचाच, आणि तो धोक्याचा होता. घराच्या माळ्यावर त्यांच्याकडे फोरेट या कीटकनाशकाचा अर्धा डबा पडला होता. "मुळाशी चिमूट-चिमूट टाका, जमिनीतलं सगळं मरतं." केळीच्या दिवसांत त्यांनी ते सर्रास वापरलेलं. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ज्या वांग्याचं आठवड्याने भरीत करायचं त्याच्या मुळाशी हे विष कोणी घालू नये. जिभाऊंशी यावर कडक बोलावं लागलं. वडीलधाऱ्या माणसाला, त्याच्याच जमिनीत उभं राहून, "हे नाही" म्हणणं सोपं नसतं. वहिनींनी ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. "जिभाऊ, नातवंडं येतील दिवाळीला, त्यांच्या ताटात जाईल ना हे," एवढंच त्या म्हणाल्या. डबा परत माळ्यावर गेला.

सातवा सल्ला नजर लागल्याचा. एक काळी बाहुली तिसऱ्या वाट्याच्या बांधावर अजून आहे.

सल्ला देणारा प्रत्येकजण स्वतःच्या वाट्यात खरंच घडलेली गोष्ट सांगत होता. नानांच्या वाट्याची माती हलकी, मुरमाड. तिथे पाणी कमी पडतंच. वहिनींच्या वाट्यात अळी होतीच. मात्र चूक सगळ्यांची एकच. महिनाभर सगळ्यांनी झाडाच्या वरच्या भागाकडे बघून निदान केलं आणि एकानेही झाड उपटलं नाही.

आक्का

उपटलं ते आक्काने. त्या अमळनेरकडच्या, आठव्या वाट्यात मेथी-पालक-पोकळा लावून कॉलनीत विकतात. बारा जणांत भाजीवर घर चालवणाऱ्या त्या एकट्याच. सर आणि नाना पाण्यावरून वाद घालत होते तेव्हा त्या बांधावरून आल्या, "अरे, झाड उपटीसन तं दखा!" म्हणाल्या आणि कोणाच्या परवानगीची वाट न बघता कुदळीने एक झाड मातीसकट बाहेर काढलं.

कुदळीने काढलं हे महत्त्वाचं. हाताने ओढलं असतं तर बारीक मुळं जमिनीतच तुटून राहिली असती आणि गाठी त्या बारीक मुळांवरच असतात. बादलीत पाणी घेऊन मुळं धुतली. सगळ्या मुळांवर गाठी: काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही एकमेकींत मिसळून बोटाएवढ्या जाड झालेल्या. मुळं अशी असली की वर कितीही पाणी द्या, ते पोचणार कसं? दुपारी पानांची गरज वाढते, मुळं तेवढं ओढू शकत नाहीत, झाड मान टाकतं. संध्याकाळी गरज उतरते, झाड उभं राहतं. महिनाभर जे कोडं होतं ते बादलीतल्या त्या मुळांनी एका मिनिटात सोडवलं.

हे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा हा किडा कोवळ्या मुळात शिरतो, तिथल्या पेशींना फुगवतो आणि त्यांच्यावर जगतो. एक मादी काहीशे अंडी घालते. जमीन उबदार असेल तर अंड्यापासून पुढच्या मादीपर्यंत साधारण महिना पुरतो. म्हणजे आषाढात लावलेल्या वांग्यात दसऱ्यापर्यंत तीन पिढ्या सहज होतात. वांगं, टोमॅटो, भेंडी, काकडी, गिलके, कारलं, गंगाफळ ही सगळी त्याची आवडती. परसबागेत माणूस लावतो ते जवळपास सगळंच.

तरीही दोन गोष्टी पडताळून घेतल्या. एक, जिवाणूजन्य मर नाही ना. खोड जमिनीलगत तिरपं कापून टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरलं. जिवाणू असतील तर पाच-दहा मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धार खाली उतरते. उतरली नाही. खोडाच्या आत तपकिरी रेघाही नव्हत्या, म्हणजे बुरशीची मरही बाजूला झाली. ही ग्लासाची परीक्षा घरात कोणीही करू शकतो, आणि महिनाभराच्या औषधांपेक्षा तिला खर्च शून्य.

दुसरी पडताळणी वहिनींच्या घाबरण्यामुळे झाली. त्यांनी त्याच संध्याकाळी गवारीचं झाड उपटून आणलं, "माझ्या गवारीलाही गाठी!" गवार, चवळी, वाल यांच्या मुळांवर गाठी असायलाच हव्यात, त्या नत्राच्या. फरक ओळखायला सोपा आहे. नत्राची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने ढकलली की सुटते आणि फोडली तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती काढायची तर मूळ तोडावं लागतं. वहिनींच्या गवारीवर दोन्ही होत्या.

नंतर माती आणि मुळांचा नमुना तपासायला पाठवला. इथे एक बारकावा सांगतो. खत ठरवण्यासाठीचा मातीचा नमुना आपण सावलीत वाळवून देतो. सूत्रकृमीचा नमुना वाळवायचा नाही. वाळला की तपासायचं तेच मरतं. मुळांलगतची वीत-दीड वीत खोलीची ओलसर माती, बारीक मुळांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सावलीत ठेवून लवकर पोचवायची. नमुन्याने बादलीतलं निदानच खरं केलं.

कुठून आला आणि कसा पसरला

इथे सरांची वही कामी आली. तिच्यात रोपांची खरेदी लिहिलेली होती. दोन, तीन आणि पाच या वाटेकऱ्यांनी मिळून एकाच ठिकाणाहून गादीवाफ्यावरची, मुळं उघडी असलेली रोपं जुडीने आणली होती. स्वस्त पडली. चौथ्याने कोकोपीटच्या ट्रेमधली घेतली, अकराव्याने स्वतः तयार केली. मग बारा वाट्यांचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक वाट्यातल्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली झाडं उपटून पाहिली. वांग्यांनी भरलेली झाडं उपटायला लोकांचा हात होत नव्हता, तेव्हा खुरटलेली निवडली.

दोन, तीन, पाच इथे गाठी वाट्याभर. चौथ्या वाट्यात फक्त दांडाच्या कडेच्या ओळीला. सहा, सात, आठमध्येही दांडाकडून सुरुवात, पुढे कमी-कमी. नवव्यात नाही, तिथे त्या हंगामात झेंडूच झेंडू होता, दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी. दहा ते बारामध्ये तुरळक, आणि ती जागा नेमकी जुन्या पपईच्या खड्ड्यांची. म्हणजे दोन उगम होते: रोपांसोबत आलेला नवा आणि जमिनीत आधीच असलेला जुना. सूत्रकृमी स्वतःच्या पायांनी फारसा जात नाही. त्याला आपणच फिरवतो, पाटाच्या पाण्यातून, कुदळीला चिकटलेल्या मातीतून, चपलेतून. बारा वाट्यांत कुदळी मिळून चार. सकाळी एकाच्या वाट्यात, दुपारी दुसऱ्याच्या. शेजारधर्म म्हणून जे जे देत होतो, रोपं, कुदळ, पाण्याची पाळी, त्या सगळ्यांतून हा पसरला होता.

उपाय, आणि त्यावरचं भांडण

उभ्या पिकात करण्यासारखं थोडंच असतं. निंबोळी पेंड मुळांभोवती, शेणखतात वाढवलेली मित्रबुरशी, आणि पाणी थोडं पण वारंवार, म्हणजे अर्धवट मुळांवर झाड तग धरतं. सरांना त्या हंगामात भरितापुरती वांगी मिळाली, चंपाषष्ठीला सगळ्यांना बोलावण्याएवढी नाही.

खरा उपाय उन्हाळ्यात होता. इथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि आपण वर्षभर त्याच्या नावाने बोटं मोडतो. त्या उन्हाला कामाला लावता येतं. जमीन खोल खणून ढेकळं फोडायची, सपाट करायची, भरपूर भिजवायची आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवडे. ओली माती उष्णता खोलवर नेते, कोरडी नेत नाही. वरच्या वीतभर थरातले बहुतेक सूत्रकृमी, तणांचं बी आणि बऱ्याच बुरशा त्यात जातात. 25 मायक्रॉनचं प्लास्टिक घेतलं तर दीड गुंठ्याला, कडा धरून, सुमारे चार किलो लागतं. सर दुकानातून काळं मल्चिंग घेऊन आले, कारण मिरची-टरबुजाला सगळे तेच वापरतात. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. बदलून आणलं.

भांडण झालं ते "सगळ्यांनी एकदम" यावर. चार वाटे तापवले आणि आठ तसेच ठेवले तर पहिल्याच पावसात दांडातून सगळं परत येणार. पण उन्हाळी भेंडी-काकडीवर ज्यांचा डोळा होता ते तयार होईनात. नानांचं म्हणणं, "माझ्याकडे गाठी नाहीत, मी का वाफा पडीक ठेवू?" त्यांना तर्काने पटलं नाही. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी उतरलं आणि बारा वाट्यांना पुरेना, तेव्हा पटलं. पाणी नाही तर भेंडीही नाही.

आक्कांचा प्रश्न वेगळा होता. इतरांचा हंगाम बुडाला तर हौस बुडते, त्यांचं बुडालं तर घरखर्च बुडतो. गाठी ओळखल्या त्यांनी आणि किंमत मोजायचीही त्यांनीच, हे बरोबर नव्हतं. बरीच बोलाचाली होऊन तोडगा निघाला तो असा: नववा वाटा झेंडूनंतर जवळपास स्वच्छ होता, तो तापवायचा नाही, उन्हाळाभर आक्कांनी तिथे पालेभाजी करायची आणि अपुऱ्या पाण्यातली पहिली पाळी त्यांची. नवव्या वाटेकऱ्याला त्या बदल्यात घरची भाजी. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता, आणि त्याचा शेतीशास्त्राशी काही संबंध नाही.

अखेर नऊ वाटे तापवले गेले. दोघांनी शेवटपर्यंत मानलं नाही. प्लास्टिक काढल्यावर प्रत्येकाने वाट्याला पंधरा ते तीस किलो निंबोळी पेंड मिसळली, आणि तीही वरवर. खोल खणलं की खालचा न तापलेला थर वर येतो. रोपं यंदा ट्रेमधलीच, किंवा स्वतः तापवलेल्या मातीत वाढवलेली. कुदळी धुवायला बोअरजवळ एक टाकी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. पाण्याच्या पाळीचा क्रम बदलला: न तापवलेल्या दोन वाट्यांना पाणी सगळ्यात शेवटी.

पुढच्या खरिपात

तिसऱ्या वाट्यातली वांगी यंदा कमरेला लागली. हंगाम संपल्यावर झाडं काढताना मुळं धुऊन पाहिली तर गाठी होत्या, पण मोजक्या, खोल गेलेल्या मुळांवर. म्हणजे खालच्या थरात तो आहेच आणि दर वर्षी थोडा-थोडा वर येत राहणार. न तापवलेल्या दोन वाट्यांपैकी एकात भेंडी पुरती बसली. दुसरा वाटा वाचला, कारण त्यात कांदा-लसूण होता आणि ती पिकं याला त्यामानाने सोसतात.

झेंडूबद्दल थोडं. नवव्या वाट्याचं बघून आता प्रत्येकाने बांधावर झेंडूची एकेक ओळ लावली आहे. दिसायला छान दिसते. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमीला मारक द्रव्य सुटतं हे खरं, पण ते मुळांच्या आसपासच. वाटाभर दाट झेंडू दोन-अडीच महिने उभा राहिला तर उपयोग, बांधावरच्या ओळीने वांग्याच्या मुळाशी काही पोचत नाही. हे मी दोनदा सांगितलं. सर आता प्रतिकारक टोमॅटोच्या वाणाची माहिती काढत आहेत. तिथेही अडचण आपल्या हवेची आहे: टोमॅटोतला तो प्रतिकारक जनुक जमिनीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो, त्यामुळे इथे तो हिवाळी लागवडीतच कामाचा.

ठरलेला फेर असा आहे: एक खरीप वांगं, पुढचा झेंडू किंवा ज्वारी, रब्बीत कांदा-लसूण, आणि दर दुसऱ्या उन्हाळ्यात प्लास्टिक. नानांनी ज्वारीला नकार दिलाय, पाखरं येतात म्हणून. आक्कांचा आठवा वाटा पुन्हा तापवायची पाळी येईल तेव्हा नववा त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.